डबे पाच, आवाज दोनच

आधीच सांगतो, मी विचारलं होतं. दुकानात उभं राहून, बायको आणि मेहुण्यासमोर, स्पष्ट विचारलं होतं, "यात डॉल्बी आहे ना? ओटीटीवरचा 5.1 आवाज पाचही स्पीकरमधून वेगवेगळा येईल ना?" दुकानदार म्हणाला, "सर, फुल डॉल्बी. बिनधास्त घेऊन जा." तेव्हा 'आधी नीट चौकशी करायची ना' हे वाक्य मला कोणी ऐकवू नये. सोसायटीत ते ऐकून झालंय.

पिंपळे गुरवमधले हॉल किती मोठे असतात ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. आमचा 10 बाय 15. त्यात सोफा, दिवाण, टीव्ही युनिट. टॉवर स्पीकर ठेवायचे तर माणसांनी गॅलरीत बसायचं. म्हणून मुठीएवढे चार स्पीकर, टीव्हीखाली आडवा एक आणि कोपऱ्यात सबवूफर असा संच पसंत केला. किंमत 14 हजार. दुकान आमच्याच भागातलं. डेमो दणक्यात झाला. ढोल-ताशाचं गाणं, आवाज फुल, दुकानाची काच थरथरतेय. डेमोला बोलण्याचा प्रसंग, बातम्या, नाटक असलं काही कधीच लावत नाहीत. का लावत नाहीत, ते घरी आल्यावर कळतं.

घरी जोडायला एक पोरगा आला. फरशीच्या कडेनं वायरी नेल्या, क्लिपा ठोकल्या आणि टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात एक पिन घातली. मी म्हटलं, "अरे, टीव्हीला मागे ऑप्टिकल आहे, एचडीएमआय आहे, ते नाही का वापरायचं?" तो म्हणाला, "सेम असतं काका." सही घेऊन गेला.

तक्रार पहिल्यांदा अण्णांनी केली. वडिलांचं वय झालंय, पण कान शाबूत आहेत. बातम्या लागल्या की म्हणायचे, "हा बातम्यावाला सोफ्यामागे बसलाय का रे?" खरंच, चेहरा टीव्हीवर आणि आवाजाचा निम्मा भाग कोपऱ्यातल्या डब्यातून. बाईचा आवाज पातळ, पुरुषाचा घुमलेला, आणि संवाद कळायला रिमोट सतत हातात.

मग एका रविवारी मी चाचणीची चित्रफीत लावली. त्यात एक बाई एकेका स्पीकरचं नाव घेते आणि आवाज फक्त त्याच स्पीकरमधून यायला हवा. मी सोफ्यामागे गुडघ्यावर बसलो आणि मागच्या डाव्या स्पीकरला कान लावला. ती म्हणाली, "फ्रंट लेफ्ट." माझ्या कानातच म्हणाली. "सेंटर" म्हणाली, तर पाचही बोलले. "रिअर राइट" म्हणाली तेव्हा उजवीकडचे दोन्ही, पुढचा आणि मागचा, एका सुरात. मग सबवूफर ओढून बाहेर काढला आणि मागची बाजू बघितली. लाल-पांढरी जोडी, पेनड्राइव्हचं भोक, एफएमची तार, ब्लूटूथ. बस्स. ऑप्टिकल नाही, एचडीएमआय नाही. आवाज आत यायला वाटाच दोन, डावी आणि उजवी. मागचे स्पीकर पुढच्यांची नक्कल करत होते आणि मधला दोघांची मिसळ वाजवत होता. खोक्यावर सोनेरी अक्षरात 5.1 होतं. डॉल्बी हा शब्द मात्र अख्ख्या खोक्यावर कुठेही नव्हता. तो फक्त दुकानदाराच्या तोंडात होता.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर चाकणहून थेट दुकानात गेलो. पावती पुढे केली. तो चहा पीत होता, कप खाली ठेवला नाही. "सर, मोजा ना. पाच स्पीकर, एक सबवूफर. झाले की नाही 5.1?" मी वाटा दाखवल्या, चित्रफीत मोबाइलवर दाखवली. तो काउंटरवरच्या पोराकडे बघून हसला. "डॉल्बी कुठे लिहिलंय दाखवा." मी म्हटलं, "तुम्ही बोललात." त्यावर, "तोंडी माणूस शंभर गोष्टी बोलतो सर. बोललेलं कुठे मोजतात का?" आणि मागच्या पाटीकडे बोट: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी चाकणला क्वालिटीत आहे. आमच्याकडे ड्रॉइंगवर एक आणि पार्टवर दुसरं निघालं की अख्खा लॉट परत जातो. इथे गिऱ्हाईकच परत पाठवलं.

चीड जास्त याची की छोट्या डब्यांचा हा प्रकार मुळात लबाडीचा नाही. त्यामागे खरी अक्कल आहे. 1954 साली अमेरिकेत एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांनी बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान खोक्यातून खोल बास काढला. क्लॉसचा पुढचा भागीदार हॉफमन, त्याच्या नावानं एक नियम सांगतात: लहान खोकं, खोल बास आणि कमी ताकदीत मोठा आवाज, या तीनपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. बाकी सगळी जाहिरात. मग 1987 मध्ये बोस कंपनीनं अकूस्टिमास आणला. बास एका पेटीत लपवायचा आणि वर छोटे चौकोनी ठोकळे ठेवायचे. त्याच सुमारास आपल्याकडे लोक पुण्याच्या तपकीर गल्लीतून अँप्लिफायर आणि स्पीकर आणून प्लायवूडचे डबे सुताराकडून करून घेत होते. दिसायला कपाटासारखे, पण सांगितलं तेवढं वाजायचे. नव्वदीच्या अखेरीस डीव्हीडी आली आणि तिच्याबरोबर सहा वेगवेगळ्या वाटांचा डॉल्बी डिजिटल घरात आला. 5.1 या आकड्याचा अर्थ तोच: सहा वेगळे आवाज. त्यानंतर साउंडबार आला, 2012 पासून डोक्यावरून आवाज आणणारा अॅटमॉस आला. डबे लहान होत गेले आणि आकडे मोठे. माझ्या दुकानदारानं त्यातला आकडा तेवढा घेतला.

आता घेणाऱ्यांसाठी.

डबे मोजू नका, मागची बाजू बघा. ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी, यातलं एकही नसेल आणि टीव्हीला जोडायला फक्त ऑक्स, लाल-पांढरी जोडी किंवा ब्लूटूथ असेल, तर तो संच 2.1 आहे, त्याला डबे कितीही लटकवा. ब्लूटूथवरून टीव्हीचा आवाज दोनच वाटांनी येतो, हे विक्रेत्याला माहीत असतं. सांगत नाही.

वाट आहे म्हणून खूश होऊ नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज पीसीएमवर असेल, तर ऑप्टिकलमधूनही दोनच वाटा जातात. तो डॉल्बी किंवा बिटस्ट्रीमवर घ्या. अॅटमॉस हवा असेल तर ऑप्टिकलचा उपयोग नाही, एचडीएमआयच लागतो. 'सैराट'च्या संगीतासाठी अजय-अतुल थेट लॉस एंजेलिसला जाऊन ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित करून आले, आणि ते सगळं आपण हेडफोनच्या पिनेतून ऐकायचं?

अण्णांच्या तक्रारीचं कारणही लिहून ठेवतो. साधारण 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला ओळखता येत नाही, म्हणून सबवूफर कुठेही चालतो. पण मुठीएवढा स्पीकर दीड-दोनशे हर्ट्झच्या खाली जीव सोडतो, आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया 100 ते 150च्या आसपास. तो भाग मग सबवूफरला उचलावा लागतो आणि माणूस कोपऱ्यातून बोलू लागतो. त्यामुळे ठोकळे फार लहान घेऊ नका, आणि सबवूफर मागे न ठेवता टीव्हीच्या शेजारी ठेवा.

वॅटवर विश्वास ठेवू नका. पीएमपीओ हा आकडा मनातला असतो, आरएमएस विचारा. मागच्या पट्टीवर वीज किती घेतो ते लिहिलेलं असतं. तो सरासरीचा आकडा असतो हे खरं, पण पट्टीवर 50 वॅट आणि खोक्यावर 2000, असा प्रकार दिसला की पुढच्या दुकानात जा.

डेमोला स्वतःची चित्रफीत पेनड्राइव्हवर न्या, बोलण्याचा प्रसंग लावायला सांगा, आवाज कमी ठेवून ऐका. घाई करू नका. सणाच्या आठवड्यात घेऊ नका. रिव्ह्यू वाचा. जुनी माणसं हे सगळं सांगतातच.

सगळ्यात महत्त्वाचं बिल. मॉडेल नंबरबरोबर 'डॉल्बी डिजिटल 5.1, एचडीएमआय एआरसी' हे शब्द बिलावर लिहून मागा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, विक्रेत्यानं सांगितला तसा माल नसणं हाही दोष मानलेला आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. भिंतीवरच्या पाटीनं कायदा बदलत नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा आयोगात तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात करता येते, वकील लागत नाही, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. ज्या पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तिथे हे सगळं मला चाळिशीत शोधून काढावं लागलं.

मी स्पीड पोस्टानं लेखी नोटीस पाठवली, मेहुणा साक्षीदार, असं लिहून. त्यानंतर दुकानदाराचा आवाज एकदम गोड झाला. "सर, एवढं कशाला, बसून मिटवलं असतं." संच परत घेतला, पण 'वापरला' म्हणून पैसे कापलेच. अण्णांना रोजचा त्रास होता म्हणून उरलेले पैसे मी घेतले. कापलेले पैसे त्याच्याकडे आहेत आणि तोच संच काचेमागे पुन्हा लागलाय, सोनेरी 5.1 सकट.

दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. डायनासोर गार्डनला सकाळी चालायला असतो, विचारलंत तर तोंडी सांगेन. बोललेलं कुठे मोजतात का?