शिट्टी आणि झेंडा : सामन्याच्या दिवशी आपली जबाबदारी



आपल्या उपनगरांत चर्चचे पटांगण आणि फुटबॉल यांचे नाते जुने आहे. सुट्टी लागली किंवा सण जवळ आला की रिंक फुटबॉलचे वेध लागतात. जर्सी, करंडक, लाऊडस्पीकर, खाण्याचे स्टॉल या सर्वांची तजवीज आपण आठवडाभर आधी करतो. पंच कोण, हा प्रश्न मात्र बहुधा अगदी शेवटी निघतो. मग बाजूला उभ्या असलेल्या एखाद्या मुलाच्या हाती शिट्टी दिली जाते आणि थोड्याच वेळात त्याच मुलावर आपण सगळे ओरडत असतो.

अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात व्यावसायिक सामना असतो, तेव्हा मुख्य पंच, दोन सहायक पंच आणि चौथा पंच असे चौघे काम पाहतात. आपल्याकडे पुष्कळदा पंच एकटाच असतो. उरलेले काम दोन्ही क्लबांनी वाटून घ्यावे लागते. ते काम कोणते, हे आज समजून घेऊ.

पंच मैदानात कसा आला?

इंग्लंडमध्ये सुरुवातीच्या काळात प्रत्येक संघ आपापला पंच घेऊन येत असे. क्रिकेटमध्ये आजही चालते तसे, खेळाडूंनी अपील केले तरच तो निर्णय देई. दोन पंचांचे पटले नाही, तर मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या गृहस्थाकडे वाद ‘रेफर’ करायचा. त्यावरून त्याला ‘रेफरी’ म्हणू लागले. १८९१ साली नियम बदलला. या तिसऱ्या माणसाला मैदानात आणून पूर्ण अधिकार दिला गेला आणि संघांचे दोन पंच रेषेवरचे लाइन्समन झाले. योगायोग असा, की मुंबईचा प्रसिद्ध रोव्हर्स कपही १८९१ सालीच सुरू झाला.

हा बदल का झाला? स्वतःच्या खटल्यात कोणी स्वतःच न्यायाधीश होऊ नये, हे रोमन कायद्याच्या परंपरेतून आलेले तत्त्व आहे. न्यायाधीश हा दोघांच्या मधोमध उभा राहणारा माणूस, असे ॲरिस्टॉटलनेही मानले होते. पण आपल्या लहान स्पर्धांत लाइन्समन अजूनही क्लबचाच असतो. म्हणजे जुनी अडचण आपल्याकडे संपलेली नाही. झेंडा हाती घेणाऱ्याने ती स्वतःच्या मनातच सोडवायची असते.

सामन्यापूर्वी

१. पंचाने मैदान फिरून पाहावे. काच, खडी, खड्डे आहेत का? पावसाचे पाणी साचले आहे का? हलवता येणारे लोखंडी गोलपोस्ट पक्के बांधलेले असलेच पाहिजेत. लहान मुले त्यांना लोंबकळतात, हे आपण जाणतो.

२. खेळाडूंची साधने तपासावीत. पायाला शिनगार्ड हवेत. साखळी, अंगठी, कडे, कानातले काढायला लावावे. वर चिकटपट्टी लावलेली चालत नाही. गळ्यातील रोझरी, क्रूस किंवा स्कॅप्युलर हेही काढून ठेवावे. यात अश्रद्धा नाही. कोणाचे बोट माळेत अडकले, तर दोघांनाही इजा होईल.

३. अकरा जणांच्या सामन्यात एखाद्या संघाचे सातपेक्षा कमी खेळाडू असतील, तर सामना सुरू करता येत नाही. रिंकच्या खेळासाठी खेळाडू किती, बदली किती, वेळ किती, हे आयोजकांनी आधीच लिहून दोन्ही कर्णधारांना द्यावे.

४. दोन्ही लाइन्समनना पंचाने त्यांचे काम स्पष्ट सांगावे : फक्त चेंडू बाहेर गेल्याची खूण करायची, की ऑफसाइडही दाखवायचा?

सामना चालू असताना

लाइन्समनचा मुख्य नियम सोपा आहे. संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेच्या पलीकडे गेला, तरच तो बाहेर. थ्रो-इन कोणाचा, हे दाखवायचे. आपल्याच क्लबच्या मुलाचा पाय शेवटी लागला असेल, तर झेंडा आपल्या विरुद्ध दाखवायचा. येथेच खरी परीक्षा आहे. नव्वद टक्के प्रामाणिक झेंडा असा काही प्रकार नसतो. एकदा खोटा दाखवला की पुढच्या खऱ्या झेंड्यावरही समोरचा क्लब विश्वास ठेवत नाही, आणि एकट्या पंचाला मदतनीस उरत नाही.

पंचाला काही चुकल्यासारखे वाटले, तर खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी तो आपला निर्णय बदलू शकतो, नंतर नाही. म्हणून लाइन्समनला काही दिसले असेल, तर ते लगेच सांगावे. झेंडा उचलला तरी अंतिम निर्णय पंचाचाच असतो. तो मानून पुढे खेळावे.

गंभीर दुखापत झाल्यास पंचाने खेळ ताबडतोब थांबवावा. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोलकीपरशी टक्कर होऊन कोसळला आणि मरण पावला. इतक्या मोठ्या सामन्यात असे घडू शकते. मग आपल्या पटांगणात प्रथमोपचाराची पेटी, उभी असलेली एक गाडी आणि जवळच्या रुग्णालयाचा फोन नंबर नसून कसे चालेल? ही व्यवस्था यजमान क्लबची. विजा कडाडू लागल्या तर पंच सामना थांबवू शकतो. त्या वेळी ‘पाचच मिनिटे उरली आहेत’ असा आग्रह धरू नये.

कठड्याबाहेरचे आपण

२०२४ च्या युरो स्पर्धेत पंचाशी निर्णयाविषयी फक्त कर्णधाराने बोलावे, असा दंडक होता. आपल्याकडेही तो सहज पाळता येईल. प्रशिक्षकांनी लक्षात ठेवावे, की २०१९ पासून पंच त्यांनाही पिवळे किंवा लाल कार्ड दाखवू शकतो. पालकांना मात्र कार्ड दाखवता येत नाही. त्यांना आवरणे हे त्यांच्या क्लबचे काम आहे. शिट्टी वाजवणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कोणाचा तरी मुलगा आहे. आज तो अपमान गिळून घरी गेला, तर पुढच्या वर्षी शिट्टी घ्यायला कोण येणार?

मुलींनाही ही संधी द्यावी. गोव्याच्या उवेना फर्नांडिस यांनी २०१६ साली जॉर्डनमध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच म्हणून काम केले.

सामन्यानंतर

गोलसंख्या, कार्डे आणि दुखापती पंचाने कागदावर लिहाव्यात. तक्रार असेल तर ती दुसऱ्या दिवशी आयोजकांकडे लेखी द्यावी, गेटवर नव्हे. आणि निघण्यापूर्वी दोन्ही कर्णधारांनी पंचाशी हस्तांदोलन करावे, हरलेल्याने आधी.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या क्लबमध्ये झेंडा कोणाच्या हाती देतो : जो मोकळा आहे त्याच्या, की जो खरे सांगेल त्याच्या?

२. आपल्या बाजूने चुकीचा निर्णय लागला, तेव्हा आपण कधी काही बोललो आहोत का?

३. येत्या स्पर्धेपूर्वी आपल्या गटातून कोणत्या दोन तरुणांना पंचाचे नियम शिकायला पाठवता येईल?