रेझर आडवा धरून बघ

नवा रेझर घ्यायचा म्हणतोस, तर दुकानदार मूठ दाखवेल, चकाकी दाखवेल. तू आधी डोकं बघ. ब्लेड लावून रेझर डोळ्यांच्या रेषेत आडवा धर आणि उजेडाच्या दिशेने कडेकडून निरखून बघ. तीन गोष्टी दिसतील: वरच्या टोपीची कड, ब्लेडची धार आणि खालची पट्टी. दाढी किती घोटून होणार आणि नंतर मान किती चुरचुरणार, हे बरंचसं या तिघींच्या जागेवरून ठरतं.

दुधारी ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं. ते सपाट धरलं तर राठ केसाला लागताच थरथरेल. किंग कॅम्प जिलेटने १९०३ मध्ये जो रेझर विकायला काढला, त्याची हुशारी इथेच होती. पातळ ब्लेड टोपी आणि तळपट्टीच्या मध्ये दाबून किंचित वाकवायचं. वाकलं की ते ताठ होतं. पुढच्या शंभर वर्षांत या दुधारी ब्लेडसाठी जेवढे रेझर निघाले, त्यांचा झगडा एवढ्याच दोन गोष्टींशी आहे: ब्लेड धारेच्या किती जवळ पकडायचं आणि धार किती उघडी ठेवायची.

जाणकार मंडळी फटीबद्दल फार बोलतात. फट म्हणजे धार आणि पट्टी यांच्यामधलं अंतर. तीही महत्त्वाची आहे, पण कातडीला तिच्यापेक्षा धारेची जागा जास्त जाणवते, असं माझं ठाम मत आहे. टोपीच्या कडेपासून पट्टीपर्यंत मनात एक सरळ रेघ ओढ. धार रेघेच्या आत राहिली, तर कातडीला आधी टोपी आणि पट्टी टेकतात आणि धारेच्या वाट्याला थोडंच येतं. हा सौम्य रेझर. धार रेघेवर आली तर मध्यम. रेघेच्या बाहेर डोकावली तर तिखट. तिखट रेझर पहिल्याच हातात गाल साफ करतो खरा, पण मनगट जरा दाबलं गेलं की कातडी सोलतो.

म्हणून तिखट रेझर घेतला की दाढी घोटून होते, या समजुतीत राहू नकोस. सौम्य रेझर जिथे तीन हातांत पोचतो, तिथेच तिखट दोन हातांत पोचतो. शेवटचा तुळतुळीतपणा दोघांतही जवळपास सारखा मिळतो. पण म्हणून अगदी मवाळ रेझर घ्यावा, असंही नाही. आपल्या घरात सगळ्यांची दाढी राठ आणि मानेची कातडी नाजूक. मवाळ रेझरने हनुवटीचे खुंट पहिल्या दोन हातांत जात नाहीत, मग माणूस त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरवत राहतो आणि त्या घासण्यानेच कातडी लाल होते. तुझ्या आजोबांनी हेच शिकवलं होतं: एका जागेवरून रेझर जितक्या कमी वेळा फिरेल तितकं बरं. आपल्याला मध्यम रेझर मानवतो, तुलाही तोच मानवेल.

आता पट्टीचं. काही रेझरांना खाली सलग दांडी असते, काहींना फणीसारखे दात. सलग दांडी धारेच्या पुढची कातडी ताणून धरते. फणीच्या दातांमधून फेस आणि लांब केस धारेपर्यंत जातात, त्यामुळे तीन-चार दिवसांची वाढलेली दाढी फणीच्या रेझरने चांगली निघते आणि डोकं तुंबत नाही. फणी दिसली की रेझर तिखटच असणार, हे मात्र खरं नाही. जिलेटचे सुरुवातीचे रेझर फणीचेच होते आणि ते काही भयंकर नव्हते. म्यूले या जर्मन कंपनीचा सलग दांडीचा आर८९ मवाळपणासाठी ओळखला जातो आणि त्याच घरातला फणीचा आर४१ तिखटपणासाठी. पण तिथेही तिखटपणा येतो तो उघड्या धारेमुळे, दातांमुळे नव्हे. फणीचा जुना रेझर कुठे मिळाला तर प्रत्येक दात नीट तपास. हातातून पडलेल्या रेझरचा एखादा दात वाकलेला असतो आणि त्या ठिकाणी कातडी धारेत शिरते.

बटरफ्लाय रेझर, म्हणजे मुठीचा खालचा भाग फिरवला की वरची दोन दारं उघडतात तो, वापरायला सोपा. ब्लेड वरून ठेवायचं आणि दारं मिटायची. हात थरथरणाऱ्या माणसासाठी हाच चांगला, कारण धारेशी खेळ कमी. पण त्याच्या सांध्यांत साबण साचतो आणि पुष्कळ बटरफ्लाय रेझरांत ब्लेड टोपी, तळपट्टी आणि मूठ सुटी होणाऱ्या तीन भागांच्या रेझरइतकं घट्ट पकडलं जात नाही. राठ केसावर तो फरक हाताला कळतो.

तिरप्या डोक्याचा रेझर वेगळाच. त्यात ब्लेड पिळून बसवलेलं असतं, म्हणून धार केसाला समोरून न भिडता तिरकी लागते. विळीवर आपण भाजी दाबून न चिरता ओढून चिरतो, तसंच हे. राठ दाढीवर त्याने ओढाताण खरोखर कमी होते आणि पिळामुळे ब्लेडही ताठ राहतं. फक्त तो सरळच ओढायचा. डोकं तिरकं आहे म्हणून हातही तिरका नेलास तर चिरलंच समज. नाकाखाली त्याची सवय व्हायला वेळ लागतो, तेव्हा पहिला रेझर म्हणून हा नको.

फिरत्या आकड्यांचे रेझरही आहेत. जिलेट कंपनीने १९५८ पासून अमेरिकेत ते काढले, त्यांवर १ ते ९ आकडे असत. मर्कूर कंपनीच्या प्रोग्रेस रेझरवर १ ते ५ असतात. आकडा वाढला की फट वाढते. असा रेझर मिळाला तर लहान आकड्यावर सुरू कर आणि आठवडाभर तो हलवू नकोस. त्यानंतर पहिला हात मोठ्या आकड्यावर आणि उलटा हात, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेचा, लहान आकड्यावर, अशी वाटणी मात्र नक्की करून बघ. खुंट मोठे असताना फट हवी. शेवटी कातडी उघडी पडलेली असते, तेव्हा ती नको.

कार्ट्रिजबद्दल थोडंच सांगतो. अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिलं पातं केस ओढून धरतं आणि केस मागे जायच्या आत दुसरं तो कापतं, त्यामुळे केस कातडीच्या खाली कापला जातो. हाताला गुळगुळीत लागतं, पण ज्यांचे मानेवरचे केस कुरळे आहेत त्यांचा केस आतच वळतो आणि केसतूड होते. तुझ्या मानेवर ते बारीक फोड येतात त्याचं कारण बहुधा हेच. एका पात्याचंही कार्ट्रिज असतं. जिलेटने २०१० मध्ये भारतात गार्ड आणला तो एकाच पात्याचा, १५ रुपयांचा. वाहत्या नळाशिवाय, वाटीभर पाण्यात दाढी करणाऱ्यांकडे बघून तो तयार केला होता, म्हणून त्याचं डोकं पटकन धुऊन निघतं. प्रवासाला आजही तो मला आवडतो.

रेझर कुठलाही घेतलास तरी कोन ज्याचा त्याने शोधायचा असतो. टोपी गालावर सपाट टेकव, मूठ समोर सरळ बाहेर येईल. मग मूठ हळूहळू खाली आण आणि बारीक करकर ऐकू आली की थांब. तो त्या रेझरचा कोन. बऱ्याच रेझरांत तो तीस अंशांच्या आसपास येतो, पण प्रत्येक डोक्याचा थोडा निराळा. दाब द्यायचा नाही. रेझरचं वजन पुरतं. फार हलक्या रेझरशी माझं जमत नाही ते याचसाठी, की हात नकळत जोर लावतो.

तीन भागांच्या रेझरमध्ये ब्लेड बसवताना ते धारेकडून न धरता लहान बाजूंनी धर आणि त्याच बाजू चिमटीत पकडून मूठ आवळ. मग पुन्हा समोर धरून बघ: दोन्ही बाजूंना धार सारखीच दिसली पाहिजे. एकीकडे जास्त दिसत असेल तर सोड आणि पुन्हा बसव. मूठ पाव फेरा सैल ठेवून रेझर तिखट करायची जुनी युक्ती कुणी सांगेल. ती करू नकोस, सैल ब्लेड थरथरतं.

आंघोळीनंतर दाढी कर. केस पाण्याने मऊ झाला की निम्मं काम झालं. बोअरच्या पाण्याला फेस येत नसेल, तर दाढीपुरतं पिण्याचं पाणी तांब्याभर घे. पहिला हात सुलट, म्हणजे केस वळतात त्या दिशेने. दुसरा आडवा. उलटा हात फक्त गालांवर आणि हनुवटीवर; मानेवर तू तो टाळच. मानेवरचे केस कुठे कसे फिरतात, ते एक दिवसाची दाढी वाढू देऊन बोटांनी चाचपून ठेव.

नवा रेझर आणि नव्या कंपनीचं ब्लेड एकाच दिवशी सुरू करू नकोस. त्रास झाला तर कोणामुळे ते कळणार नाही. ब्लेड ओढायला लागलं की बदल, आपल्या राठ केसांना ते साधारण चार-पाच दाढ्या पुरतं. ते टॉवेलने पुसायचं नाही, नुसतं धुऊन झटकायचं. दाढी झाल्यावर ओल्या चेहऱ्यावर तुरटी फिरव आणि कुठे झोंबतं ते लक्षात ठेव. तिथे तू दाब दिलास किंवा कोन चुकवलास. महिनाभर तुरटीचं ऐकलंस तर हात आपोआप हलका होईल.

आणि वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचं नाही. आपला कचरा कुणीतरी हाताने निवडतं. पत्र्याचा डबा घे, झाकणाला ब्लेड जाईल एवढी चीर पाड आणि झाकण चिकटपट्टीने बंद कर. भरला की वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ लिही आणि कचरा न्यायला येणाऱ्या बाईंच्या हातात सांगून दे.