मुकं नाणं

जोतिबाच्या डोंगरावर आमचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान आहे. नारळ, दवणा, बत्तासे, उदबत्ती. त्या गल्ल्यावर बसून अठरा वर्षांत मी तिबेरियस नावाच्या रोमन सम्राटाची सात नाणी जमवली. त्यातलं एक खोटं निघालं, एक मी माझ्या हातानं बिघडवलं आणि एकाचा टवका उडाला. उरली चार. एवढ्या भांडवलावर अनुभवाचे बोल लिहायला बसणं म्हणजे धाडसच. पण पायऱ्यांवर बसून न मागता सल्ला देणाऱ्यांची आमच्या डोंगरावर कधीच टंचाई नव्हती. त्यात माझी एक भर.

१. वेडाचं मूळ आपण सांगतो तिथं नसतं. लोकांना मी ‘इतिहासाची आवड’ असं सांगतो. खरी गोष्ट अशी, की सहावीत असताना शाळेची सहल कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात गेली होती. तिथं काचेआड एक छोटासा कांस्याचा दाढीवाला देव उभा होता, अंगावर चिंधी नाही. आम्ही पोरं फिदीफिदी हसलो आणि गुरुजींनी नेमका माझाच कान धरला. तो पोसायडन, रोमनांनी आपलासा केलेला ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला. १९४५-४६ साली ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं रीतसर उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातलं नांदतं गाव उजेडात आलं. गुरुजी म्हणाले, “हा समुद्रापलीकडून आपल्या नदीकाठी आलाय, हसताय काय!” कान दुखायचा थांबला, पण तो ‘आलाय’ डोक्यातून गेला नाही. तो आला तर पैसाही आला असेल, एवढाच माझा पोरकट हिशेब.

२. पुस्तक वाचून नाणं कळत नाही. हे मला आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, दुकानाच्या काळ्या दगडी उंबऱ्यावर शिकवलं. पहिलं नाणं घेतलं तेव्हा मी चार पुस्तकं कोळून प्यायलो होतो. अंगठ्याच्या नखापेक्षा जरासं मोठं, चांदीचं, एका बाजूला सम्राटाचा डोक्याला पानांची माळ बांधलेला चेहरा, दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई. मी कौतुकानं आप्पांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं आणि काही कळायच्या आत उंबऱ्यावर टाकलं. टप्. “मुकं हाय ह्ये. परत दिऊन ये.” मला इतका राग आला, की दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सोनाराच्या काट्यावर ठेवलं. पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरायला हवं होतं, भरलं तीनच्या आत. मग भिंगाखाली कड पाहिली, तर सगळीकडून एक बारीक रेघ फिरलेली, गणपतीच्या साच्याला असते तशी. ठोकून पाडलेल्या नाण्याला अशी रेघ कुठून येणार? हे ओतलेलं होतं. विकणाऱ्यानं पैसे परत केले नाहीत. मीही आप्पांना काही सांगितलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही, आणि तेच जास्त लागलं.

३. अनुभवी माणूसही चुकतो, आणि त्यात आनंद मानू नये. दुसरं नाणं जाणकाराकडून, पावतीसह, कड-वजन-छाप सगळं तपासून घेतलं. आप्पांना दाखवायचं नाही असं ठरवून दाखवलं. मी हात पुढं करेपर्यंत ते पुन्हा उंबऱ्यावर. पुन्हा टप्. “ह्येबी मुकंच की रं!” हे मात्र अस्सल होतं. दोन हजार वर्षांत चांदी आतून बदलते, कणाकणांची होते, ठिसूळ होते; तिला नव्या रुपयाचा आवाज राहत नाही. कडेचा तांदळाच्या कणीएवढा टवका दगडावर पडला होता. मी तो कागदाच्या पुडीत बांधून ठेवला. जिंकलो होतो, पण नाणं फुटलं होतं. आप्पा त्या दिवशी जेवताना नेहमीपेक्षा गप्प होते.

४. स्वच्छतेची हौस भांड्यांपुरती ठेवावी. तिबेरियसचं एक तांब्याचं नाणं मला हिरवट-काळ्या लेपासकट मिळालं होतं. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेआधी घरात देवाची भांडी घासायला निघाली, त्या लाटेत मीही चिंच आणि मीठ घेऊन बसलो. दहा मिनिटांत नाणं तांब्या-पेल्यासारखं लखलखलं. सम्राटाचं नाक, कान आणि नाव त्या चिंचेबरोबर मोरीत वाहून गेलं. तो लेपच त्याचं कातडं होतं. यावर अधिक लिहवत नाही.

५. आपण फार वेगळं काही करतो आहोत, हा भ्रम टिकत नाही. मला बरीच वर्षं एक कोडं होतं. भारतात रोमन चांदीचे जे मोठे साठे सापडले, उदाहरणार्थ तेलंगणातल्या अक्कनपल्लीचा, त्यात मुख्यतः ऑगस्टस आणि तिबेरियस या पहिल्या दोघांचीच नाणी. नंतरचे सम्राट का नाहीत? उत्तर पुस्तकात होतं: सन ६४ च्या सुमाराला नीरोनं चांदीच्या नाण्याचं वजन आणि कस दोन्ही उतरवले, आणि इकडच्या व्यापाऱ्यांनी जुनीच छाप पसंत केली. वाचलं, पटलं, पण कळलं नव्हतं. ते कळलं आप्पांमुळं. मी हे त्यांना सांगत होतो, तर ते म्हणाले, “मंग? तुझा आज्जा काय करायचा?” आजोबांच्या काळात, १९४० साली, इंग्रज सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. आजोबा अडाणी होते. पण गल्ल्यात आलेला राणीछाप रुपया ते निमूट कनवटीला लावायचे आणि नवा रुपया गिऱ्हाइकाला सुट्ट्यात द्यायचे. त्या राणीछाप रुपयांचं पुढं आत्याच्या लग्नात काय झालं ती वेगळी कथा. पण त्या दिवसापासून अक्कनपल्लीचा साठा पुरणारा माणूस मला डोक्याला मुंडासं बांधलेला, आजोबांसारखा तिरका बघणारा दिसतो. दक्षिणेत सापडलेल्या कितीतरी रोमन नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव असतो. कुणी म्हणतं, परक्या राजाचा मान नाकारायचा म्हणून. कुणी म्हणतं, आत तांबं आहे का ते बघायला. पहिलं कारण भारदस्त आहे. आमच्या घराण्याचा कौल मात्र दुसऱ्याला.

६. जे आपल्याला हवं, ते आपल्याच मुलखात वितळलेलं असू शकतं. कल्याण, तेर, पैठण ही नावं रोमन काळातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात आहेत, म्हणजे व्यापार इथं जोरात. आणि तरी महाराष्ट्रात रोमन नाणी सापडतात ती मोजकी. अभ्यासकांचा एक कयास असा, की ती चांदी आटवून क्षत्रपांनी स्वतःची नाणी पाडली. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली, आणि त्यातल्या दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली छाप पुन्हा मारली होती. म्हणजे तिबेरियस आटून नहपान झाला, नहपानाच्या डोक्यावर सातकर्णी बसला. हे वाचलं त्या रात्री मी माझी नाणी जरा कमी मालकीच्या नजरेनं बघितली. तेरला आणि तेलंगणातल्या कोंडापूरला तर मातीतून घडवलेल्या रोमन नाण्यांच्या नकला मिळाल्या, गळ्यात घालायला भोक किंवा कडी असलेल्या. ज्यांना चांदी परवडली नाही, त्यांनी राजा मातीचा केला. हसू नये. माझ्या आईच्या पुतळ्यांच्या माळेचं मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यात आहे. तिला व्हेनिस कुठं आहे हे ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही.

७. राजे सगळीकडचे सारखेच. तिबेरियस गादीवर आला तेव्हा चोपन्न वर्षांचा होता, गेला सत्त्याहत्तराव्या वर्षी. नाण्यावर मात्र गाल काही उतरत नाहीत. आमच्याकडं चौकाचौकांत वाढदिवसाचे डिजिटल फलक लागतात, त्यातलीच ही तऱ्हा. मागच्या बाजूला ती खुर्चीवरची बाई, बऱ्याच जणांच्या मते त्याची आई लिविया, आणि अक्षरं अशी की हा मुख्य पुजारी आहे. हे वाचून पुण्याचे एक संग्राहक भारावले होते. मी पुजाऱ्यांच्या शेजारात वाढलेला. मला एवढंच वाटलं, की मग वर्षाची पाळी कुणाची यावरून तिथंही भांडणं असणार.

८. कायदा माहीत असावा. हे मी उशिरा शिकलो. पन्हाळ्याच्या बाजूचा एक जण शेतात सापडलेली काही जुनी नाणी फडक्यात बांधून दुकानात घेऊन आला, “बघा, तुमच्या कामाची हाईत.” हात शिवशिवले. पण जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, १८७८ पासूनचा कायदा आहे. मी त्याला चहा पाजला, अर्ज लिहून दिला आणि कोल्हापूरच्या गाडीत बसवला. फडकं सोडून नीट बघितलंसुद्धा नाही. याचा मला अभिमान आहे असं मी सांगतो; खरं तर अजून हळहळ आहे.

९. घरच्यांना आपलं वेड समजावं ही अपेक्षा सोडावी, ते त्याचा त्यांच्या परीनं उपयोग करून घेतात. आप्पा आता ऐंशीच्या पुढं आहेत. डोळे अधू झालेत, कान शाबूत. यात्रेच्या रात्री गुलालानं माखलेली चिल्लर पोत्यावर ओततो आणि ते एकेक नाणं बोटानं उडवून उंबऱ्यावर टाकत बसतात. टण्, टण्, टण्, आणि मध्येच टप्. मग ते नाणं बाजूला सरकवून आत हाक मारतात, “अरं ये, तुझा तिबऱ्या आलाय.”