देवाविषयींचें ज्ञान आणि देवाची ओळख

शाळेच्या नोंदणीपुस्तकांत प्रत्येक विद्यार्थ्याच्या नांवापुढें त्याच्या वडिलांचें नांव, धंदा व गांव लिहिलेलें असतें. कारकुनास ही सर्व माहिती असते. पण तेवढ्यावरून त्यास त्या वडिलांची ओळख आहे असें कोणी म्हणणार नाहीं. उलट, घरांतील लहान मुलास यांतलें कांहींच नीट सांगतां येत नाहीं. तरी अंधारांत पाऊल वाजलें कीं, बाबा आले म्हणून तें दाराकडे धांवतें. देवाविषयीं पुष्कळ जाणणें आणि देवाला ओळखणें यांत असाच भेद आहे.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत हा भेद स्पष्ट दिसतो. त्यांचा जन्म 1858 सालचा. लहानपणींच आईपाशीं त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. पुराणें सांगत व तीर्थयात्रा करीत त्यांचें कुटुंब देशभर हिंडलें. दुष्काळांत आईबाप व बहीण यांस त्या अंतरल्या. 1878 सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस 'सरस्वती' ही पदवी दिली. 1883 सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि 1889 सालीं मुंबईंत शारदासदन काढिलें. विद्या, धर्म व परोपकार हीं तिन्ही त्यांच्यापाशीं होतीं. तरीही अंतःकरणाची तृप्ति झाली नव्हती. 1907 सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत त्या प्रांजळपणें कबूल करितात कीं, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं एक गोष्ट आपणांस उमगली. धर्म पत्करला होता खरा, पण प्रत्यक्ष ख्रिस्ताची भेट मात्र व्हावयाची राहिली होती. तेव्हां विद्वत्ता व सत्कृत्यें यांचा आधार सोडून, आहेत तशा त्या त्याला शरण गेल्या.

या ओळखीचें फळ लोकांस पुढें दिसलें. 1896-97 च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून सुमारें 300 निराधार मुलींस त्यांनीं आपल्या आश्रयास आणिलें. केडगांवच्या मुक्तिसदनांत, साध्या बायांसही समजावें म्हणून, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर करण्यांत त्या 1922 सालीं देह ठेवीपर्यंत गढून गेल्या होत्या.

विद्यार्थीमित्रहो, बायबलाच्या परीक्षेंत पूर्ण गुण मिळवूनही देव अनोळखी राहूं शकतो. हें लिहितांना आम्ही स्वतःस वगळीत नाहीं. उद्यांचा धडा तयार करण्याच्या गडबडींत आमचीच प्रार्थना कित्येकदां राहून जाते. ज्याच्याविषयीं शिकवावयाचें, त्याच्याशीं बोलावयासच आम्हांस वेळ नसतो!

मग जवळ जावें कसें? याकोबाच्या पत्राच्या 4 थ्या अध्यायांत असें आश्वासन आहे कीं, जो देवाजवळ जातो त्याच्याजवळ देवही येतो. त्यासाठीं मोठ्या शब्दांची गरज नाहीं. रोज थोडा वेळ एकांतीं बसावें. जो दोष आपण आईबापांपासून लपवितों तो देवापुढें सरळ सांगावा. शुभवर्तमानांतील एखादा उतारा वाचावा आणि त्यांतून जें कर्तव्य कळेल तें त्याच दिवशीं करावें. ज्याच्याशीं भांडण असेल त्याच्याकडे जाऊन समेट करणें, हें कदाचित् पहिलेंच कर्तव्य ठरेल.

पालकांसही आमची नम्र विनंती आहे. मुलास प्रार्थना पाठ झाली कीं नाहीं हें आपण विचारतांच; कधीं त्याच्याजवळ बसून आपणही प्रार्थना करावी. हें निमंत्रण आहे, सक्ति नव्हे. ओळख कोणावर लादतां येत नाहीं. परंतु पित्याचें नांव पुस्तकांत लिहिलेलें आहे एवढ्यावरच कोणीं समाधान मानूं नये. तो दाराशीं आला आहे; उठून दार उघडणें आपल्याकडे आहे.