पहिला नंबर आणि पाच टक्क्यांचा उंबरठा

प्रश्न : निवडणूक आली की आपल्याकडे ‘लहान पक्षाला मत देऊन मत वाया घालवू नका’ असं सांगतात. जर्मनीत तर मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. तरीही अतिउजव्या पक्षाला अडवण्यासाठी तिथले लोक आपला पक्ष सोडून दुसऱ्याला मत देतात, असं वाचलं. प्रमाणशीर पद्धतीत याची गरज काय? आणि उपयोग होतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गरज पडते, पण आपल्या सवयीच्या नेमकी उलटी. आपल्याकडे मतदारसंघातून एकच जण निवडून येतो, म्हणून विरोधातली मतं एकामागे उभी करावी लागतात. प्रमाणशीर पद्धतीत ती तीन-चार पक्षांत विभागली तरी चालतं, सभागृहात त्यांची बेरीज होते. बिघडतं ते यातला एखादा पक्ष उंबरठ्याबाहेर राहिला तर. जर्मनीत हा उंबरठा पाच टक्क्यांचा आहे. त्याखालच्या पक्षाची मतं जागावाटपात धरतच नाहीत आणि आत आलेल्या प्रत्येकाचा वाटा वाढतो. ज्याला अडवायचं होतं, त्याचाही.

बर्लिनला चहूबाजूंनी वेढणाऱ्या ब्रांडेनबुर्ग राज्यात २२ सप्टेंबर २०२४ला हेच घडलं. तिथले मुख्यमंत्री डीटमार वोइडके यांनी आधीच जाहीर केलं होतं, की अतिउजवा एएफडी पहिल्या क्रमांकावर आला तर मी पद सोडेन. त्यामुळे सगळी निवडणूक ‘पहिला कोण’ या एकाच प्रश्नावर आली. ग्रीन आणि डाव्या पक्षांचे मतदार घाबरून वोइडके यांच्या एसपीडी पक्षाकडे वळले. निकाल आला तेव्हा एसपीडी ३०.९ टक्के आणि एएफडी २९.२. बाजी मारली, असं त्या रात्री वाटलं.

पण तिसऱ्या-चौथ्या ओळीखाली बघा. ग्रीन पक्ष २०१९मध्ये १०.८ टक्क्यांवर होता, तो ४.१वर आला. डावा लिंके पक्ष ३ टक्क्यांवर. दोघंही बाहेर. इतर लहान पक्ष धरून १४ टक्क्यांहून जास्त मतं हिशेबातून गेली. उरलेल्या मतांत एएफडीचा वाटा ३४ टक्क्यांवर पोचला आणि ८८पैकी ३० जागा त्यांना मिळाल्या. राज्यघटनेत बदल, विधिमंडळाचं विसर्जन, राज्याच्या घटना न्यायालयावरचे न्यायाधीश, या सगळ्यांसाठी तिथे दोन तृतीयांश मतं लागतात. एक तृतीयांशाहून जास्त जागा असलेला पक्ष यातलं काहीही अडवू शकतो. पहिला नंबर हुकला, पण ही किल्ली हाती आली. माझ्या मते हीच जास्त मोलाची होती.

पाच टक्के गाठायला ग्रीन पक्षाला साधारण १३ हजार मतं कमी पडली. एसपीडीची आघाडी सुमारे २५ हजारांची होती. म्हणजे एसपीडीकडे गेलेल्यांपैकी १३ हजार मतदार आपल्या जुन्या पक्षाकडेच राहिले असते, तरी एसपीडीच पहिला आला असता आणि एएफडी एक तृतीयांशाच्या खाली राहिला असता. विधान परिषदेच्या निवडणुकीत आपले पक्ष हेच करतात : एका उमेदवाराचा कोटा भरला की उरलेली मतं दुसऱ्याकडे वळवतात. तिथे आमदार मोजके असतात आणि आखणी करणारा एक असतो. लाखो मतदारांना असं कोण सांगणार? मतदानाच्या दिवशी आघाडी किती आहे हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून त्या मतदारांना मी दोष देत नाही.

मात्र एक वाट उघडी होती. ब्रांडेनबुर्गमध्ये मतदार दोन फुल्या मारतो : पहिली मतदारसंघातल्या उमेदवारापुढे, दुसरी पक्षाच्या यादीपुढे. पक्षांचा क्रम आणि जागांचं प्रमाण ठरतं ते दुसऱ्या फुलीवर. शिवाय तिथे एक जरी मतदारसंघ जिंकला, तरी पाच टक्क्यांची अट सुटते. २०१९मध्ये पोट्सडाम शहरातला एक मतदारसंघ ग्रीन पक्षाने जिंकला होता. तिथल्या मतदाराला दुसरी फुली एसपीडीला देऊन पहिली ग्रीन उमेदवाराला देता आली असती. वोइडके यांचं त्यात काहीच जात नव्हतं. पण ती जागाही एसपीडीने घेतली आणि दार बंद झालं. स्वतःच्या मित्राला पाडणारा हा विजय मला फार लागतो.

उंबरठा नसेल तर हा पेचच उरत नाही. नेदरलँड्समध्ये १५० जागा आहेत आणि पाऊण टक्क्याहून कमी मतांतही एक जागा मिळते. स्वीडनमध्ये उंबरठा चार टक्क्यांचा. तिथले सोशल डेमोक्रॅट मतदार काठावरच्या डाव्या पक्षाला मुद्दाम मत देत, त्याला ‘कॉम्रेड चार टक्के’ असं नावच पडलं आहे.

हाच हिशेब ब्रांडेनबुर्गच्या तीनच आठवडे आधी शेजारच्या साक्सनीत वेगळा लागला. तिथे लिंके पक्ष ४.५ टक्क्यांवर अडकला होता. पण लायप्झिग शहरातल्या दोन मतदारसंघांत त्याचे उमेदवार निवडून आले, पक्षाच्या यादीपेक्षा बरीच जास्त मतं घेऊन. साक्सनीत अट सुटायला दोन मतदारसंघ लागतात, तेवढे झाले आणि पक्षाला सहा जागा मिळाल्या. त्या रात्री एएफडीच्या जागा ४१ जाहीर झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जागावाटपातली चूक सापडली आणि आकडा ४० झाला. सभागृह १२० जणांचं, दोन तृतीयांश म्हणजे ८०. बाकीच्यांकडे बरोबर ८० उरले, लिंकेचे सहा धरून.