पिपाणी, आगगाडीचा भोंगा आणि खिशातली प्रयोगशाळा



जत्रेतली पिपाणी तुम्ही सर्वांनीच वाजवली असेल. पिपाणी नसली तर पपईच्या पानाचा पोकळ देठही चालतो, हे शिरूर-दौंडकडच्या मुलांना सांगायला नको. पण पिपाणी बरोबर निम्मी कापली, तर तिचा स्वर नेमका किती चढेल? थोडासा? दीडपट? दुप्पट? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. उत्तरे नाना तऱ्हेची येतील आणि बहुतेक सगळी अंदाजाची असतील. आज आपण हे उत्तर मोजून काढू. त्यासाठी लागणाऱ्या दोन गोष्टी इंटरनेटवर फुकट मिळतात आणि तिसरी शहाळेवाल्याकडे.

पहिली गोष्ट म्हणजे अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ, ‘अरविंद गुप्ता टॉइज’. गुप्ता हे १९७५ साली कानपूरच्या आय.आय.टी.तून बाहेर पडलेले अभियंते. पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करीत असता, १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्यप्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या शाळेत काचेची उपकरणे कोठून येणार? तेव्हा आठवड्याच्या बाजारात जे मिळेल त्यावरच प्रयोग करायचे, हे त्यांनी तेथे आरंभले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनी केलेल्या भूमितीच्या आकृत्या तुमच्या शिक्षकांनी कदाचित पाहिल्या असतील. २००३ ते २०१४ या काळात ते पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. (या शोधिकेच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचे हे नाव. पण त्यात ‘पुल’ दडले आहेत, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेलच. इमारतीला पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानची देणगी मिळाली होती.) २०१८ साली गुप्ता यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून केलेली असंख्य खेळणी, त्यांच्या चित्रफिती आणि मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तके कोणालाही पाहता येतात. त्यातच नळीची पिपाणी आहे. वाजवता वाजवता ती कात्रीने कापत जातात आणि स्वर चढत जातो.

चित्रफीत गमतीची आहे. ती संपली की सारे समजले असे वाटते, आणि येथेच आपण फसतो. निम्म्या लांबीचा स्वर किती, हा आपला प्रश्न तसाच राहिलेला असतो. तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा आणि कात्री हाती घ्या.

शहाळ्याबरोबर मिळते तशी सुमारे २० सें.मी. लांबीची कागदी नळी घ्या. (प्लॅस्टिकच्या नळ्यांवर जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.) तिचे एक टोक दोन सें.मी.पर्यंत दाबून चपटे करा. चपट्या टोकाचे दोन्ही कोपरे तिरपे कापा म्हणजे दोन पाकळ्यांची चोच तयार होईल. सबंध चोच ओठांच्या आत घेऊन जोराने फुंका. पहिल्यांदा नुसती फुसफुस होईल. नळी जरा आत-बाहेर करून पाहा. एकदम कर्कश आवाज फुटेल. कागद भिजला की आवाज बसतो, म्हणून जवळ चार-पाच नळ्या असू द्या.

आता आत काय घडते ते पाहू. फुंकरीने पाकळ्या उघडतात आणि दाट हवेचा एक धक्का नळीतून धावत उघड्या टोकाशी जातो. तेथून तो परततो तो विरळ हवेच्या रूपाने, आणि पाकळ्या मिटवतो. मिटलेल्या टोकावर आपटून तो पुन्हा उघड्या टोकाकडे जातो, तेथे पुन्हा रूप पालटतो, आणि दाट होऊन परत आला की पाकळ्या उघडतात. म्हणजे पाकळ्यांच्या एका उघडझापीत ध्वनी नळीची लांबी चार वेळा चालतो. नळी २० सें.मी. असेल तर ही वाट ८० सें.मी. झाली. ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला, तर सेकंदात सुमारे ४३७ कंपने होतील. तुमच्या पुस्तकात ध्वनीचा वेग याहून थोडा कमी दिलेला असेल. पण नळीतली हवा बाहेरची नव्हे, तुमच्या फुप्फुसांतून आलेली आहे बरे! थंडीच्या दिवसांतही ती उबदारच असते, आणि उबदार हवेत ध्वनी जलद जातो.

(सनईलाही अशीच दुहेरी पत्ती असते, पण सनई पुढे रुंदावत जाते. त्यामुळे तिचे गणित वेगळे. आपले सूत्र तिला लावू नका.)

आता दुसरी फुकट वस्तू. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठाने २०१६ साली ‘फायफॉक्स’ नावाचे एक अ‍ॅप सर्वांसाठी खुले केले. मोबाइलमध्ये मुळातच असलेल्या ध्वनिग्राहक, वेगवाढमापक इत्यादी साधनांचे ते मोजमापाच्या उपकरणांत रूपांतर करते. शाळेत एकाच शिक्षकांकडे असा मोबाइल असला तरी पुरे. त्यातील ‘ऑडिओ ऑटोकोरिलेशन’ हा प्रयोग उघडा. मोबाइल आवाजाची नोंद सेकंदाला सुमारे ४८,००० वेळा घेतो. या नोंदींच्या रांगेची एक प्रत तयार करून ती मूळ रांगेवर सरकवत न्यायची, आणि किती घरे सरकवल्यावर दोन्ही रांगा पुन्हा जुळतात ते पाहायचे, ही त्याची युक्ती. ११० घरांनी जुळल्या, तर ४८,००० भागिले ११०, म्हणजे सुमारे ४३६ कंपने.

चोचीच्या टोकापासून नळीची लांबी मोजा, वाजवा, आकडा लिहा. मग उघड्या बाजूने दोन सें.मी. कापा आणि पुन्हा मोजा. असे पाच-सहा वेळा करा. पहिली गोष्ट लक्षात येईल ती ही, की आकडा आपल्या हिशेबापेक्षा कमीच येतो. चूक तुमची नाही. कागदी पाकळ्या म्हणजे घट्ट झाकण नव्हे. त्या दबतात, आणि नळी असते त्यापेक्षा थोडी लांब असल्यासारखी वागते. आता आलेखकागदावर आडव्या अक्षावर लांबी आणि उभ्या अक्षावर आवर्तकाल (१ भागिले कंपनसंख्या) मांडा. बिंदू साधारण एका सरळ रेषेत येतील, पण ती रेषा आरंभबिंदूतून जाणार नाही. तीच त्या जादा लांबीची खूण. म्हणून निम्म्या नळीचा स्वर दुपटीच्या जवळ जातो, पण दुपटीला पोचत नाही! सप्तक पुरे करायचे तर निम्म्याहून किंचित आखूड कापावे लागते. शिक्षकांनी या रेषेचा चढही काढून घ्यावा. लांबीतील फरकाच्या चौपटीला आवर्तकालातील फरकाने भागले की ध्वनीचा वेग हाती येतो. लांबी १० सें.मी.ने कमी झाली असता आवर्तकाल सुमारे १.१४ मिलिसेकंदांनी कमी व्हायला हवा. तुमचा किती झाला?

अ‍ॅप आता हाताशी आहेच, तर दौंड तालुक्यातल्या मित्रांसाठी आणखी एक प्रयोग. यवत, केडगाव, पाटस ही गावे पुणे-दौंड लोहमार्गावरची. न थांबणारी गाडी भोंगा वाजवीत जवळून गेली की तिचा स्वर एकदम उतरतो. येणारी गाडी आपल्याच लहरींच्या मागे धावून त्या दाटवते आणि जाणारी त्या ताणते. गाडीचा वेग ताशी ७२ कि.मी., म्हणजे सेकंदाला २० मीटर असेल, तर येतानाच्या आणि जातानाच्या कंपनांचे गुणोत्तर ३७० : ३३०, सुमारे १.१२. शुद्ध ऋषभ आणि षड्ज यांचे गुणोत्तर ९ : ८, म्हणजे १.१२५. गाणे शिकणाऱ्यांनी कान देऊन ऐकावे. गाडी ‘रे’वरून ‘सा’वर येते! भोंग्यात अनेकदा दोन स्वर मिसळलेले असतात, म्हणून येथे ‘ऑडिओ स्पेक्ट्रम’ वापरा आणि त्यातला एकच स्वर धरा. रुळांजवळ जाऊ नका. घराच्या अंगणातूनही हे साधते.

याच वाटेने उलटेही जाता येईल. येताना ४०० आणि जाताना ३५० कंपने मिळाली, तर फरक ५०, बेरीज ७५०. फरकाला बेरजेने भागून ३५० ने गुणा. सेकंदाला २३.३ मीटर, म्हणजे ताशी ८४ कि.मी. घरबसल्या गाडीचा वेग कळला.

शिरूर गावाला रेल्वे नाही, पण घोड नदीच्या या गावाजवळून पुणे-अहिल्यानगर रस्ता जातो. अनेक स्वरांच्या भोंग्यांना नियमाने मनाई असली, तरी एखादा ट्रक सिनेमातल्या गाण्याची चाल वाजवीत जातोच. त्याचेही सगळे स्वर उतरतात, मग चाल बेसूर का होत नाही? प्रत्येक स्वराची कंपने एकाच संख्येने गुणली जातात, त्यामुळे स्वरांची आपसांतली गुणोत्तरे जशीच्या तशी राहतात. पेटीवाला पट्टी बदलतो तेव्हाही हेच करतो.