रंगावर जाऊ नका, सांगाडा पाहा

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. १९६३ची, मागची काच दुभागलेली कॉर्व्हेट स्टिंग रे विकाऊ आहे. पूर्ण रिस्टोअर केलेली असून इंजिन मूळचेच आहे, असे मालक सांगतात. खात्री कशी करू?

उत्तर : दुभागलेली काच फक्त १९६३च्या कूपेला होती, म्हणून तिला भाव आहे आणि म्हणूनच १९६४च्या गाडीला तशी काच बसवण्याचे प्रकारही झाले. ग्लोव्ह बॉक्सखालच्या पट्टीवरचा क्रमांक ३०८३७ने सुरू व्हायला हवा. ४०८३७ असेल तर गाडी १९६४ची.

इंजिन ब्लॉकवर, पॅसेंजरच्या बाजूच्या सिलिंडर हेडपुढे छोटी सपाट जागा असते. तिथे त्याच गाडीचा अनुक्रमांक ठोकलेला हवा. आजूबाजूला कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेषा नसतील, पृष्ठभाग नव्याने घासल्यासारखा गुळगुळीत असेल, तर आकडे नंतर ठोकलेले असू शकतात.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. बॉडी फायबरग्लासची, ती गंजत नाही. आतला पोलादी सांगाडा मात्र गंजतो आणि वरून रंग आरशासारखा चकाकत राहतो. गाडी लिफ्टवर चढवायला लावा. पुढच्या काचेच्या खांबांचे पाय आणि मागच्या चाकांपुढे चासी जिथे वर वळते ती जागा तपासा. काचेभोवतीचा सांगाडा सडला असेल तर दुरुस्तीसाठी बॉडीच उकलावी लागते. लिफ्टला मालक नकार देत असतील, तर हा सौदा सोडा. इंजिन बदललेले पण सांगाडा निरोगी असलेली गाडी रास्त भावात मिळाली, तर ती मी आनंदाने घेईन.